कालचा चुरा

बेकरीच्या काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसली तेव्हा पुई-शानला पहिला राग आला तो सासूबाईंचा. खरं तर यात सासूबाईंचा काही हात असण्याचं कारण नव्हतं. त्या गेल्या जूनमध्येच गेल्या होत्या, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत, कुणाकडे घोटभर पाणीसुद्धा न मागता. पण सव्वीस वर्षांची सवय अशी एका उन्हाळ्यात जात नाही. बस चुकली, भात करपला, दुकान बंद निघालं की आधी मनातल्या मनात सासूबाईंकडे बघायचं आणि त्यांच्या ओठांचा उजवा कोपरा किंचित खाली वळलाय का ते तपासायचं. तसंच तिनं आत्ताही केलं. व्हँकुव्हरच्या चायनाटाउनमध्ये, पेंडर स्ट्रीटच्या ओल्या फुटपाथवर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात रिकामी पिशवी घेऊन ती त्या वर्तमानपत्रांकडे बघत राहिली. पानं घाईघाईनं लावलेली होती, काही तर उलटी. कुठल्याशा नटीचं डोकं खाली आणि पाय वर. दारावरच्या कागदावर लिहिलं होतं : ‘इतक्या वर्षांच्या लोभाबद्दल आभार. प्रकृतीच्या कारणास्तव दुकान बंद करत आहोत.’ कुणाची प्रकृती ते लिहिलं नव्हतं. पुई-शाननं काचेला नाक लावलं. आत अजून वास होता. चरबीचा, साखरेचा, भाजलेल्या पिठाचा, आणि सगळ्यांच्या तळाशी तो नाकात टोचणारा उग्र वास, जो शनिवारी सकाळी जिना चढून यायचा आणि पाठोपाठ सासूबाई यायच्या.

तिला बारा बिस्किटं हवी होती, जास्त नाही. अक्रोड-बिस्किटं म्हणायचे त्यांना सगळे. तळहाताएवढी, पिवळसर तपकिरी, वरून तडे गेलेली. दाताखाली धरली की कट्कन आवाज व्हायचा आणि पुढच्याच क्षणाला जिभेवर नुसता गोड भुगा उरायचा. चिंगमिंगला, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. पण नव्या माणसाला एप्रिलपर्यंत ताटकळत ठेवायचं नसतं. पहिल्या वर्षी त्याला आधी भेटायचं, मार्चमध्येच. नवऱ्याच्या, नॉर्मनच्या आत्यानं फोनवरून दिवस सांगितला होता : पुढच्याच्या पुढचा रविवार. कोंबडी, भाजलेलं डुकराचं मांस, संत्री, तीन कप चहा, तीन कप दारू. आणि मेलेल्या माणसाला आवडायचं ते. सासूबाईंना काय आवडायचं हे सव्वीस वर्षं एका घरात राहूनही पुई-शानला छातीठोक सांगता आलं नसतं. मासा केला तर ‘अंमळ जास्त वाफवला’, पालेभाजी केली तर नुसतंच ‘हं’. पण ही बिस्किटं सासूबाई कामाला होत्या त्याच बेकरीची. मागच्या खोलीत एकोणीस वर्षं उभ्या होत्या त्या, पिठाच्या टेबलापाशी. त्यांत खोड काढता आली नसती. एकदा तरी आपण त्यांच्यापुढे काहीतरी ठेवावं आणि ते मुकाट्यानं घेतलं जावं, एवढीच पुई-शानची इच्छा होती. माणूस मेल्यावर अशी इच्छा धरणं खुळेपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण जिवंतपणी धरून काय उपयोग झाला होता? लग्नाच्या दिवशी गुडघ्यांवर बसून तिनं दोन्ही हातांनी चहाचा कप पुढे केला होता. सासूबाईंनी एकच घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सोन्याचं कडं तिच्या मनगटात असं सरकवलं की जणू दाराची कडी लावताहेत. बाकीचा चहा तसाच राहिला. तो अर्धवट कप, त्याच्या काठावरची लाल लिपस्टिकची रेघ, हे सगळं पुई-शानला आजही हवं तेव्हा दिसायचं, आणि नको तेव्हाही.

दुसरी बेकरी दोन गल्ल्यांपलीकडे होती. तिथली बिस्किटं तिनं घेतली, बसमध्येच एक खाल्लं आणि उरलेली पिशवी शेजारच्या बाईला देऊन टाकली. मग ती घरी आली आणि तिनं ओव्हन रिकामा करायला घेतला. त्यांच्या घरातला ओव्हन कुणी कधी पेटवला नव्हता. तिच्या ओळखीतल्या कुणाच्याच घरी कुणी पेटवत नसे. ते कपाट होतं. आतून दोन कढया निघाल्या, वाफवायच्या बांबूच्या टोपल्या, सणाला येणाऱ्या चंद्रकेकचे पत्र्याचे डबे, आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी. नॉर्मन दारात उभा राहून बघत होता. शहराच्या विजेच्या बसगाड्यांच्या तारा दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती, त्यामुळे घरात काही पेटवायचं म्हटलं की तो आधी भिंतीतली वायर आठवायचा.

“चालतो का हा?” तिनं विचारलं.

“आपण घर घेतलं तेव्हा चालत होता म्हणे.”

“म्हणे म्हणजे?”

“घर विकणारा म्हणाला. मी कशाला बघतोय?”

चालला. आधी जळक्या धुळीचा वास आला, मग छताला लावलेलं धुराचा इशारा देणारं यंत्र बोंबलायला लागलं आणि नॉर्मन खुर्चीवर चढून त्याला पंख्यानं वारा घालत बसला. पहिल्या खेपेला तिनं लोणी घातलं आणि मूठभर अक्रोड. नॉर्मन हसला तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं, अक्रोड कुठले? वरचे तडे अक्रोडासारखे दिसतात म्हणून ते नाव. पन्नास वर्षं खातोय मी, एकदाही दाताला अक्रोड लागला नाही.” पुई-शान हाँगकाँगच्या मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेली, दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं हत्यारं निर्जंतुक करणारी, वजनामापाला पक्की. चुकलं तर का चुकलं ते तिला कळायला हवं असायचं. दुसऱ्या खेपेला लोण्याऐवजी डुकराची चरबी. तिसऱ्या खेपेला तिनं चिनी किराणावाल्याकडून बेकरीवाल्यांची ती पांढरी पूड आणली, पीठ फुलवणारी. तिला सगळे दुर्गंधी पूडच म्हणतात, आणि ते का हे ओव्हनचं दार उघडल्यावर कळतं. भपकारा असा आला की नॉर्मन शर्टाच्या कॉलरनं नाक दाबत गॅलरीत पळाला. पण पुई-शान तिथंच उभी राहिली. डोळे चुरचुरत होते, तरी ती हलली नाही, कारण तो शनिवारचा वास होता.

शनिवारी सासूबाई खालच्या मजल्यावरून वर यायच्या. घर दुमजली, खाली त्यांची बिऱ्हाडाची खोली आणि छोटं स्वयंपाकघर, वर पुई-शान, नॉर्मन आणि त्यांची लेक, ही तिघं. बेकरीचं काम सुटल्यावरही शनिवारची फेरी सुटली नाही. पहाटेची बस धरून जायच्या आणि दहाच्या सुमाराला दोन वस्तू घेऊन जिना चढायच्या. एक दोरीनं बांधलेला गुलाबी खोका, त्यात अख्खी, सुबक, एकसारखी बिस्किटं. तो नॉर्मनसमोर. आणि एक खाकी कागदाची पिशवी, तेलाचे डाग पडलेली, तिच्यात तुटके तुकडे आणि भुगा. ती पुई-शानसमोर. “हे तुला.” बस्स, दोन शब्द. तिसरा शब्द सव्वीस वर्षांत आला नाही. मुलाला अख्खी आणि सुनेला तुटकी. पहिल्या शनिवारी पुई-शानला वाटलं, नजरचूक असेल. दुसऱ्या शनिवारी कळलं, नजरचूक नाही. ती काही बोलली नाही. घरात बोलून काय मिळतं? ती हसून म्हणायची, “आभारी आहे, आई,” आणि पिशवी ओट्याच्या कोपऱ्यात सरकवायची. सुरुवातीला दोन-चार तुकडे तोंडात टाकायची. मग तेही बंद झालं. मागच्या जिन्याच्या कठड्यावर ती पिशवी उलटी करायची आणि कावळे यायचे. व्हँकुव्हरच्या कावळ्यांना कॅलेंडर कळतं. काही वर्षांनी तर शनिवारी दहाच्या आधीच तारेवर सात-आठ जण रांगेनं बसलेले असायचे, आणि छोटी जॉसलिन खिडकीतून ओरडायची, “आई, तुझे पाहुणे आले!”

एकदा सासूबाईंनी पाहिलं. हे पुई-शाननं कुणालाच सांगितलं नव्हतं, नॉर्मनलाही नाही. पिशवी झटकून ती वळली आणि खालच्या खिडकीत तिला सासूबाईंचा चेहरा दिसला. त्या वर बघत होत्या. कावळ्यांकडे नाही, तिच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे. किती वेळ, कोण जाणे. मग त्यांनी पडदा सावकाश ओढून घेतला. पुई-शान आठवडाभर वाट बघत होती, आता काहीतरी फुटेल, निदान एक भांडण तरी होईल, सगळं एकदाचं बाहेर येईल. शनिवार आला. दहा वाजता जिना वाजला. गुलाबी खोका, खाकी पिशवी. “हे तुला.” तेव्हा तिला त्या बाईचा विलक्षण संताप आला होता. हिला अपमान करायचा तरी कंटाळा कसा येत नाही! आणि आता, ओव्हनपुढे, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, तिला पहिल्यांदाच वाटलं की त्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं मग? ते काही केल्या आठवेना. चेहरा दिसत होता, पण त्यावरचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं.

पाच खेपा झाल्या. पाचवीत चरबी, साखर, अंडं, पूड, सगळं तंतोतंत होतं, वर तडेही गेले. नॉर्मननं एक खाल्लं आणि म्हणाला, “चांगली आहेत.” नॉर्मन सगळ्यालाच चांगलं म्हणतो. आईचं जेवण चांगलं, बायकोचं जेवण चांगलं, हॉस्पिटलचं जेवणही चांगलं. दोघींच्या मध्ये त्यानं आयुष्य असंच निभावून नेलं. पुई-शाननं स्वतः चावून पाहिलं. बिस्कीट होतं, गोड होतं, आणि त्यात कुणीही नव्हतं. रविवार आठ दिवसांवर आला होता. तिनं चार बिस्किटं रुमालात बांधली आणि ती तोंग काकांना शोधायला निघाली.

तोंग काका म्हणजे बेकरीचे जुने कारागीर, सासूबाईंच्या शेजारच्या टेबलावर उभे राहणारे. आता ते रोज दुपारी एकाच कुळातल्या लोकांच्या मंडळाच्या पहिल्या मजल्यावर माजोंगचा ठोकळ्यांचा डाव मांडून बसतात, हे सगळ्या चायनाटाउनला ठाऊक आहे. जिन्यातूनच ठोकळ्यांचा खडखडाट ऐकू येत होता. चार म्हाताऱ्या माणसांच्या टेबलापाशी पुई-शान जाऊन उभी राहिली.

“पाठीमागं उभी राहू नकोस, डाव जातो माझा,” मान न वळवता तोंग काका म्हणाले. “समोर ये. कोण? क्वानबाईंची सून ना तू? दवाखान्यातली? माझे दात नाही हं दाखवायचेत मला. नाहीतच.”

“दात नाहीत तर बिस्कीट तरी खाल का?”

“दात नसलेल्यानं खावं म्हणून तर आम्ही ते करायचो. आण.”

त्यांनी बिस्कीट तोंडात घातलं नाही. कानाजवळ नेलं आणि दोन बोटांनी मोडलं. मग दुसरं मोडलं. समोरची गुबगुबीत म्हातारी म्हणाली, “तोंग, टाक ना ठोकळा! बिस्किटाशी फोनवर बोलतोयस का?”

“थांब गं. ऐकलंस का, पोरी? मुकं आहे हे.” त्यांनी चुरा तळहातावर घेऊन हुंगला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. “चरबी बरोबर. साखर बरोबर. पूडही नीट उडालीय. हात दाखव.” पुई-शाननं हात पुढे केला. त्यांनी बोटं दाबून पाहिली. “हात गार आहेत. बरं आहे, चरबी वितळत नाही. सगळं आहे की. पण हे नुसतं आजचं आहे. कालचं कुठाय?”

“कालचं म्हणजे?”

“कालचा चुरा! तुटकी, भाजताना फुटलेली, उरलेली. ती कुटायची आणि आजच्या पिठात घालायची. दहा ओंजळी पिठाला दोन ओंजळी चुरा. एकदा भाजलेलं पुन्हा भाजलं की ते बोलायला लागतं. नुसत्या ताज्या पिठाला काय कळतंय? काल आम्ही परवाचं घालायचो, परवा तेरवाचं. बेकरी उघडली त्या दिवसाचा कण होता बघ त्यात, अगदी शेवटच्या खेपेपर्यंत.” मग त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. “पण तुला काय सांगतोय मी. तुझ्याकडे तर असायचाच चुरा. दर शनिवारी नेत होती ना तुझी सासू?”

पुई-शान रुमालाची गाठ पुन्हा बांधायला लागली.

“मी ट्रे काढले की ही बाई तुटकी वेचायला हजर. कामावर होती तेव्हाही आणि सुटल्यावरही. मालक ओरडायचा, ‘क्वानबाई, उद्याचं पीठ घरी चालवलंत तुम्ही!’ ही म्हणायची, ‘एका पिशवीनं तुझी भट्टी विझत नाही. सुनेला लागतो.’ मी विचारलं एकदा, काय हो, सून करते का घरी? तर म्हणे, ‘अजून नाही. पण चुरा ताजा असला पाहिजे ना तिच्याजवळ. विचारेल एक दिवस, मग शिकवीन.’” तोंग काकांनी ठोकळा फिरवून पाहिला आणि परत ठेवला. “नुसतं तेच, ‘विचारेल एक दिवस.’ दुसऱ्या कुणाला नाही हो दिला तिनं. स्वतःच्या लेकीला पाठवायची तर अख्खी पाठवायची. अख्खी काय, कुणीही खातं.”

“मला कधी सांगितलं नाही त्यांनी,” पुई-शान म्हणाली.

“तू विचारलंस?”

“नाही.”

“मग झालं तर. तिला सांगता येत नसे, पोरी. एकोणीस वर्षांत मी तिचं अख्खं वाक्य मोजून चार वेळा ऐकलं असेल. ती नुसती आणून ठेवायची.” आणि मग टेबलाकडे वळून ते ओरडले, “पाँग! ठेव तो ठोकळा, माझा आहे!”

पुई-शान बसनं गेली नाही, चालत निघाली. पाऊस होता, छत्री ती माजोंगच्या खोलीतच विसरली होती. तिला लाज वाटत होती. सव्वीस वर्षांच्या शनिवारांची लाज एकदम आली की ती कुठं ठेवावी ते समजत नाही. प्रत्येक पिशवी डोळ्यांपुढून जात होती. जॉसलिनला गोवर आला होता तो शनिवार, बर्फ पडून बसगाड्या बंद झाल्या होत्या तो शनिवार. त्या दिवशी सासूबाई कशा आल्या असतील? चालतच आल्या असणार, सत्तरी उलटलेली बाई, कोटाच्या आत ती पिशवी धरून. आणि वर येऊन दोन शब्द. आणि कठड्यावर आठ कावळे. विरजण दारात आणून द्यावं आणि घरच्यांनी ते मांजराला घालावं, मग दही का लागत नाही म्हणून दुधालाच दोष द्यावा, तशातली गत. पण लाजेच्या मागोमाग दुसरंही काहीतरी येत होतं, आणि ते तिला आधी ओळखताच आलं नाही, कारण या बाईच्या बाबतीत ते कधी वाटलंच नव्हतं. राग होता, पण नव्या जातीचा, बरोबरीच्या माणसाचा यावा तसा. अहो, एक वाक्य बोलला असतात तर! एकच! ‘हे पिठात घालायचं असतं.’ इतकं काय जड होतं? आणि मग हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या सिग्नलला उभं असताना तिला खिडकीतला तो चेहरा वाचता आला. त्यावर राग नव्हता, अपमान केल्याचं समाधान नव्हतं. तिथं फक्त एक बाई उभी होती, जिला वाटत होतं की सुनेला अजून शिकायचं नाहीये, हरकत नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा नेऊन बघू. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. पुई-शान तिथंच उभी राहून रडली. मार्चच्या पावसात भिजलेल्या बाईकडे कोण बघतंय?

घरी येऊन ती थेट खालच्या मजल्यावर गेली. सासूबाईंच्या मोठ्या फ्रीजरमध्ये अजून त्यांचंच राज्य होतं. आल्याचे तुकडे, सुके शिंपले, गाठी मारलेल्या पिशव्यांतले मासे, कशासाठी तरी जपलेली संत्र्याची सालं. तिनं एकेक काढून जमिनीवर मांडलं. खाकी पिशवी नव्हती. कशी असेल? त्या स्वतःसाठी कधी ठेवतच नव्हत्या. तळाशी नुसता बर्फ होता.

“काय शोधतेस?” नॉर्मन जिन्यावर उभा होता. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, कावळ्यांसकट, खिडकीसकट. तो खालच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. चांगलं आहे असं काही म्हणाला नाही. मग उठून वर गेला आणि चंद्रकेकचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत तिच्या पाच खेपांची बिस्किटं होती, खेपेगणिक कागद घालून वेगळी ठेवलेली. अक्रोडवालीसुद्धा.

“हे तू टाकलं नाहीस?”

“तू फेकायला सांगितलंस तेव्हा हो म्हणालो. पण मला खायचं टाकवत नाही. आईचा मुलगा आहे मी.” त्यानं डबा तिच्यापुढे ठेवला. “बेकरीतलं नाहीये हे, कळतंय मला. पण कुठूनतरी सुरुवात झालीच असेल ना तिथंही. पहिल्या दिवशी काल कुठला असणार त्यांच्याकडे?”

अक्रोड वेचून काढले. नॉर्मननं सोया सॉसच्या भरल्या बाटलीनं बिस्किटं कुटली, एरवी बसच्या तारा ताणणारे त्याचे हात त्या कामात फार हळुवार झाले होते. तिनं चरबी कालवली, गार बोटांनी, न मळता, नुसतं गोळा करत, आणि त्यात तो चुरा घातला : बिघडलेल्या पाच दिवसांचा. पीठ जरा जड झालं, रंग उतरला. आधी भपकारा आला, खिडक्या उघडल्या, या वेळी नॉर्मन गॅलरीत गेला नाही. बिस्किटं गार होईतो दोघं ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिनं एक उचललं, कानाजवळ नेलं आणि मोडलं. कट्. अगदी बारीक, घसा न साफ करता कुणी बोलावं तसा आवाज, पण आवाज.

नॉर्मननं एक अख्खं खाऊन संपवलं. “नाही,” तो शेवटी म्हणाला. लग्नाच्या सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द जेवणाबद्दल प्रथमच निघाला होता. “हे ते नाही. पण त्याच गल्लीतलं आहे. दोन-तीन घरं अलीकडचं.” पुई-शानला इतका आनंद झाला की तिनं त्याच्या खांद्यावर पिठाचाच हात मारला. या खेपेतली चार फुटली होती. ती तिनं वेगळी काढली. मंगळवारी ती त्या दिवसाच्या पिठात गेली, मंगळवारची फुटकी गुरुवारी गेली, गुरुवारची शनिवारी. दर खेपेला आवाज मोठा होत होता. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला तारेवर एक कावळा येऊन बसला आणि बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिला.

रविवारी ऊन पडलं. जॉसलिन टोरांटोहून आली होती, नोकरीच्या दोन सुट्ट्या काढून, विमानातून उतरली ती तशीच दफनभूमीत. नॉर्मननं थडग्याच्या दगडावर हिवाळ्यात चढलेलं शेवाळ ब्रशनं घासलं, अक्षरांत नवा लाल रंग भरला. कोंबडी, मांस, संत्री मांडली. मध्ये बशीत बारा बिस्किटं, शनिवारची, तडे गेलेली, एकसारखी नाहीत. उदबत्त्या लावल्या. पुई-शाननं गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चहा ओतला. लग्नानंतर प्रथमच ती अशी बसली होती आणि गुडघ्यांना ते कळत होतं. तीन कप, एकामागून एक, दगडापुढच्या मातीवर. माती कोरडी होती. चहा सगळाच्या सगळा आत गेला, थेंबही मागं राहिला नाही. ती तिथंच बघत राहिली, इतका वेळ की नॉर्मननं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“आई,” ती मोठ्यानं म्हणाली. मनातल्या मनात खूप झालं होतं. “अजून तुमच्यासारखी झालेली नाहीत. चुरा आता असतो माझ्याजवळ. मला शिकायचंय. पुढं काय करायचं, सांगा.”

उत्तर आलं नाही. सासूबाई तशाही कधी लगेच बोलत नसत. कागदी पैसे पत्र्याच्या बादलीत जळून गेले, राख वर उडाली, तिघांनी तीनदा वाकून नमस्कार केला, आणि मग रिवाजाप्रमाणे तिथंच गवतावर बसून सगळं खायला घेतलं. जॉसलिननं दोन बिस्किटं खाल्ली, तिसऱ्याला हात घातला. “आजीची आहेत ना ही? बेकरी तर बंद झाली म्हणालीस.” नॉर्मन संत्रं सोलता सोलता गालात हसला. शेजारच्या दगडावर कावळा उतरला, दोन पावलं पुढं आला. “जा, आता नाही मिळायचं,” पुई-शान त्याला म्हणाली.

निघायच्या वेळी तिनं आवराआवर केली. उरलेली अख्खी बिस्किटं तिनं खोक्यात भरून नॉर्मनच्या हातात दिली. शनिवारच्या खेपेतली फुटकी, घरून मुद्दाम बरोबर आणलेली, एका खाकी कागदाच्या पिशवीत होती. तिचा तळ तेलकट झाला होता. ती पिशवी तिनं जॉसलिनसमोर धरली.

“हे तुला,” ती म्हणाली.

जॉसलिननं पिशवीत डोकावलं. मग वडिलांच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं, मग पुन्हा पिशवीत. चोवीस वर्षांची पोर, पण खालचा ओठ तसाच पुढं आला, लहानपणी यायचा तसा.

“बाबांना अख्खी, आणि मला तुटकी का गं?” तिनं विचारलं.

इतकंच. विचारायला दोन क्षणही लागले नाहीत. पुई-शान तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं लेकीच्या दंडाला धरून तिला पुन्हा गवतावर बसवलं, सासूबाईंच्या अगदी पायाशी.

“बस,” ती म्हणाली. “सांगते.”